कुपीतलं प्रथिन काम करतंय का?

श्रोतेहो, विषय आहे प्रयोगशाळेतली मानवी कायनेज प्रथिनं, आणि मिनिटं मिळालीत मोजकी. तेव्हा एटीपीवरचा फॉस्फेट उचलून कायनेज तो दुसऱ्या प्रथिनावर कसा चढवतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते कोरड्या बर्फाच्या खोक्यातून येणाऱ्या त्या बोटभर कुपीबद्दल. तळाशी जेमतेम दोन-चार थेंब असतात, आणि किंमत ऐकली की विभागप्रमुखांचा चेहरा उतरतो.

एकेटी-१ घेऊ. इन्सुलिनचा निरोप पेशीत आत पोचवणाऱ्या साखळीतलं हे कायनेज, ४८० अमिनो आम्लांचं. अनेक कर्करोगांत ते बेताल झालेलं असतं, म्हणून त्याच्यावर एवढं काम चालतं. जनुक माणसाचं, पण प्रथिन बनतं बहुतेक वेळा किड्याच्या पेशीत. आणि किडा कोणता? अमेरिकन लष्करी अळी! २०१८ पासून आपल्या मक्याच्या पोंग्यात शिरून जिने शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत, तीच. तिच्या कोषावस्थेतल्या अंडाशयापासून काढलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. ई. कोलाय स्वस्त पडतो, मान्य. पण त्याच्यात पुष्कळ मानवी कायनेजांची घडी नीट बसत नाही, आणि हवे ते फॉस्फेटही चढत नाहीत. एकेटी-१ पुरतं जागं व्हायला ३०८ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर आणि ४७३ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट लागतो. तो नसेल तर प्रथिन आहे, पण जवळजवळ झोपलेलं.

आता माझा मुद्दा. कुपीवर लिहिलेलं असतं दहा मायक्रोग्रॅम. ते वजन झालं. काम किती करणार, हा आकडा वेगळा असतो. तो त्या लॉटच्या डेटाशीटवर असतो आणि ती डेटाशीट खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. वजन आणि काम एक नव्हे.

घरातलं विरजण बघा. विरजण किती आहे असं आपण विचारत नाही, लागतं का असं विचारतो. चमचाभर जिवंत विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं. मेलेलं असेल तर वाटीभर घाला, सकाळी दूध तसंच. दिसायला दोन्ही वाट्या सारख्याच. कायनेजचंही हेच. मेलेलं कायनेज जेलवर चालवा, पट्टा त्याच जागी, तेवढाच ठसठशीत. ब्रॅडफर्डने मोजा, आकडा तोच. आणि शहाणी गृहिणी विरजणाच्या वाटीत येता-जाता चमचा बुडवत नाही, लागेल तेवढं आधीच वेगळं काढते. फरक एकच, आणि तो मोठा आहे: आजच्या दह्यातून उद्याचं विरजण निघतं. कायनेज तसं वाढत नाही. गेलं ते गेलं.

मारतं कोण? आपणच. कुपी उणे ऐंशीतून काढायची, पाच मायक्रोलिटर घ्यायचे, परत ठेवायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दर वेळी गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या थोड्या द्रवात क्षार आणि प्रथिन दाटीवाटीने कोंडलं जातं, घडी विस्कटते, रेणू एकमेकांना चिकटतात. ग्लिसरॉल बरंच सांभाळून घेतं, पण किती वेळा सांभाळेल? म्हणून पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच, बर्फावर ठेवून, एका प्रयोगापुरते छोटे ॲलिकॉट करा. व्हॉर्टेक्सवर गरगरवू नका, बोटाने टिचकी पुरते. पातळ करून साठवू नका. फार विरळ झालेलं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसतं. आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी नाही म्हणजे नाही. तो मधूनमधून गरम होतो, तुम्हाला कळतही नाही.

मुलं म्हणतात, सर, एवढ्याने काय होतं? सांगतो. इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि रक्ताच्या एका कर्करोगाचं चित्र पालटलं. ते एबीएल नावाच्या कायनेजला धरतं, पण त्याच्या निष्क्रिय घडीत घुसून. त्याच एबीएलवर फॉस्फेट चढून ते जागं झालेलं असेल, तर औषध तितकं घट्ट बसत नाही. म्हणजे कुपीत कायनेज कोणत्या अवस्थेत आहे, यावर तुमचं उत्तर ठरतं. ‘माझं नवं संयुग कायनेज अडवतं’ असं कोणी उत्साहाने सांगतो, तेव्हा मी आधी विचारतो, संयुगाशिवाय चालवून पाहिलंस का? कारण मेलेल्या कायनेजला साधं पाणीसुद्धा अडवतं! पुन्हा सांगतो, वजन आणि काम एक नव्हे.

एटीपीचं प्रमाण किती ठेवायचं, हा खरं तर याच्याइतकाच महत्त्वाचा भाग. पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं, आपण चाचणीत पुष्कळदा त्याहून फार कमी घालतो, आणि मग एटीपीशी जागेसाठी झगडणारं संयुग आहे त्याहून जोरदार वाटायला लागतं... पण काचेपलीकडून खुणा व्हायला लागल्यात, तेव्हा हे इथेच सोडतो.

तर विद्यार्थीमित्रांनो, उद्या प्रयोगशाळेत गेलात की फ्रीजरमधली तुमची कुपी बघा. तिच्यावर लॉट क्रमांक, तारीख आणि किती वेळा वितळवली त्याच्या रेघा आहेत का? नसतील, तर नवा प्रयोग लावण्याआधी नुसतं कायनेज आणि त्याचं सब्स्ट्रेट घेऊन एक चाचणी करा. फॉस्फेट चढला तरच पुढे जा.