टाळेबंदी आणि हजेरीपट



'टाळेबंदी' हा शब्द आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या फार जुन्या परिचयाचा आहे. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप घालावे आणि कामगारांनी फाटकाबाहेर बसावे, ही आमची टाळेबंदी. तिच्यात रोजगार जातो, चूल थंडावते; पण माणसे एकत्र असतात. कोणाच्या घरी दाणा नाही, कोणाचे मूल आजारी आहे, हे फाटकावर कळते आणि वर्गणी गोळा होते. 25 मार्च 2020 पासून सारा देश बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला. या टाळेबंदीत रोजगार तर गेलाच, पण फाटकावर बसण्याचीही सोय उरली नाही. एकत्र येणे हाच धोका ठरला. रोग श्वासावाटे पसरत होता, तेव्हा अंतर राखणे आवश्यक होते, याविषयी माझा वाद नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, अशा दिवसांत कोण कशाच्या आधारावर तगले?

यासाठी थोडे मागे जाऊ. 1896 साली मुंबईत प्लेग आला. गिरणी कामगार हजारोंनी शहर सोडून गावी निघाले. ज्या गिरण्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात रखडून देत, त्यांना 1897 मध्ये रोजचा रोज पगार मोजावा लागला. मजूर मिळवण्यासाठी मालकांची माणसे नाक्यानाक्यावर चढाओढीने बोली बोलू लागली. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा! रोग्याला वेगळे काढण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. पण वेगळ्या काढलेल्याच्या घरी चूल कशी पेटावी, याविषयी त्यात अक्षर नव्हते. त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 फेब्रुवारीस, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. 10 मार्चला रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. कायदा माणसांना दूर करीत होता, आणि ही माणसे रोग्याजवळ जात होती.

हाच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. पण परिस्थिती उलटी होती. 1897 मध्ये मजूर दुर्मिळ झाला होता. 2020 मध्ये काम दुर्मिळ झाले. त्यामुळे मजुराच्या हाती बोलीही राहिली नाही.

नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्चअखेर आपल्याच तालुक्यात, लासलगावजवळ सापडला. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. माल उचलणारे कोणी नाही म्हणून कित्येक बागाईतदारांनी द्राक्षांचे बेदाणे केले. पेठ-सुरगाण्याकडून बागांवर आलेला मजूर मधल्या मध्ये अडकला. ओझर-पिंपळगावातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर डोक्यावर बोचकी घेतलेल्या माणसांची रीघ लागली. नाशिकरोडहून भोपाळकडे मजुरांची पहिली खास गाडी सुटली ती 1 मे रोजी, कामगारदिनी! आणि आठवड्याने, 8 मेच्या पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या आशेने ते पायी निघाले होते.

बंदी सर्वांना सारखी होती, पण तिची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. कायम नोकरदाराचा पगार बहुधा चालू राहिला. हमालाची मजुरी पोत्यावर. पोते उचलले नाही तर मजुरी नाही. आणि लहान दुकानदार तरी कोण होता? केशकर्तनालये उघडण्यास परवानगी मिळाली 28 जूनला. तीन महिने कात्री बंद, पण गाळ्याचे भाडे आणि कर्जाचा हप्ता चालू. चहावाला, मंडपवाला, बँडवाला यांचेही तेच. आम्ही त्यांना व्यापारी म्हणतो, पण तेही रोजावरच जगणारे होते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

आता मदत कोठे पोचली ते पाहा. 29 मार्चला केंद्र सरकारने हुकूम काढला की बंदीच्या काळातील वेतन कापू नये. 18 मेपासून तो मागे घेतला गेला. पुढे 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगारांनी आपसांत बोलून तोड काढावी. ठीक आहे, पण ज्याचे नाव मस्टरवरच नाही, त्याने कोणाशी बोलावे? एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने दीड-दीड हजार रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना. रक्कम तुटपुंजी होती हे खरेच, पण 'नोंदणीकृत' या शब्दाकडे लक्ष द्या. जो कोणत्याही वहीत नव्हता, त्याला ते तुटपुंजेही नव्हते. एकाकीपणाचे पुष्कळ प्रकार असतील. माझ्या अनुभवातला सर्वांत जीवघेणा एकाकीपणा म्हणजे कोणाच्याच यादीत आपले नाव नसणे.

आमच्या संघटनेने त्या वेळी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक कार्यकर्त्याने दहा घरे वाटून घेतली आणि रोज संध्याकाळी फोनवर हजेरी घेतली. "दादा, कसं काय?" म्हटले की उत्तर यायचे, "समदं बरं हाय." फोन वहिनींच्या हाती गेला की कळायचे, पीठ उद्यापुरतेच आहे. गरिबीत माणूस मागायला लाजतो. म्हणून आम्ही प्रश्न ठरवून घेतले: पीठ किती दिवसांचे? गोळ्या कोणत्या संपल्या? भाड्यासाठी कोणी तगादा लावला आहे काय? अशा प्रश्नांना खरे उत्तर मिळते. आणि रोज ठरल्या वेळी कोणीतरी आपले नाव घेतो, एवढ्यानेही माणसाला धीर येतो.

कोणी म्हणेल, अशी साथ शंभर वर्षांनी एकदा येते. आता त्याचे काय? पण बंद हा काही साथीचीच वाट पाहत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले, तेव्हा जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांच्या संपाने पुन्हा पडले. कारण निराळे होते, पण हमालाची आणि कांदा निवडणाऱ्या बायांची चूल तशीच विझली.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गल्लीची एक वही असावी. एकटे राहणारे म्हातारे, भाडेकरू, बागेवरचे परगावचे मजूर, रोज गोळ्या लागणारे रोगी, यांची नावे तीत असावीत आणि दर दिवाळीला ती तपासावी. दुसरी, हमाल, मापारी, दुकानदार, कारागीर यांनी मिळून एक बंद-निधी उभारावा. महिन्याला थोडी वर्गणी आणि बंदच्या काळात बिनव्याजी उचल. तिसरी, सरकारी नोंदीचा कंटाळा करू नये. माथाडी मंडळ असो, बांधकाम मंडळ असो, ई-श्रम असो, शेजाऱ्याचे नाव घालून देणे हे शिकलेल्या माणसाने आपले काम मानावे.

हे काम आपल्या गावाला शोभेल असेच आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म या निफाडचा. पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करण्यात त्यांचाच पुढाकार होता. पण ते केवळ व्याख्याने देऊन थांबले नाहीत. 1876-77 च्या दुष्काळात ज्या सार्वजनिक सभेचे ते आधारस्तंभ होते, तिने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून लोकांच्या हालाची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. आधी नोंद, मग मागणी, ही रीत त्यांनी घालून दिली आहे.

तेव्हा आज घरी जाताना आपल्या गल्लीतील घरे मोजा. ज्या घरातल्या माणसाचे नाव आपल्याला सांगता येणार नाही, त्या घरापासून वहीला आरंभ करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.