'वर कळवलंय' म्हणजे नेमकं कोणाला? आपल्या शहरातल्या शाळांची खुर्ची

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

आधी एक प्रश्न. तुमच्या शहरातल्या तीन कोचिंग क्लासवाल्या सरांची नावं सांगा. लातूरचे असाल तर तीन काय, तेरा सांगाल. फोटोसकट. चौकाचौकात होर्डिंग आहेत ना! नांदेडचं पण आता तेच झालंय.

आता दुसरा प्रश्न. त्याच शहरातल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा कोण चालवतं? त्या माणसाचं नाव सांगा.

शांतता, बरोबर? मी ऑफिसात आमच्या भागातल्या पाच-सहा जणांना विचारलं. सगळे बीटेक, सगळे मराठवाड्याचे, निम्मे तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, "लातूर बोर्ड चालवत असेल की."

इथूनच सुरुवात करू. लातूर बोर्ड म्हणजे राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचं विभागीय ऑफिस. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे त्याच्याकडे. ते दहावी-बारावीची परीक्षा घेतं, निकाल लावतं, मार्कमेमो देतं. पहिलीच्या वर्गाचं छत गळत असेल, तर त्याचा बोर्डाशी काही संबंध नाही. मग कोणाशी आहे?

सरकारी शाळेत काही अडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वर कळवलंय." आजचा एपिसोड या 'वर'बद्दल आहे. तिथे आधी कोण बसायचं, नंतर कोण आलं आणि आज कोण आहे?

मंडळ नावाची गोष्ट

थोडं मागे जाऊ. १८७० साली लंडनमध्ये स्कूल बोर्ड सुरू झालं. शहराच्या शाळा चालवायला लोकांनी मत देऊन निवडलेलं मंडळ. बायकांना तेव्हा पार्लमेंटसाठी मत नव्हतं, पण या बोर्डासाठी होतं, आणि उभंही राहता येत होतं. पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. कल्पना साधी होती: शाळा लेकरांची, पैसा शहराचा, तर चालवणारा माणूस शहराने निवडावा.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे आला. त्यांची स्कूल बोर्डं झाली. लगेच राजकारणही शिरलं. कोणता मास्तर कुठे बदलायचा, यावरून गट पडायला लागले. १९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून प्रशासकीय अधिकाऱ्याची बाजू भक्कम केली. मग १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि त्यावर मोठ्या शहरांची शिक्षण मंडळं पुढे कितीतरी वर्षं चालली. एका बाजूला सभापती आणि सदस्य, दुसऱ्या बाजूला अधिकारी. पुण्याचं शिक्षण मंडळ, पिंपरी-चिंचवडचं शिक्षण मंडळ, ही नावं तिकडच्या पेपरात रोजची होती. मुंबईचं थोडं वेगळं. तिथे १८८८ च्या महापालिका कायद्याखाली शिक्षण समिती असते, तिचा अध्यक्ष नगरसेवक असतो आणि महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी, अशा आठ माध्यमांत चालतात.

हे सभापती सगळे थोर होते, असं मी अजिबात म्हणत नाही. नगरसेवकाचं तिकीट हुकलेल्या कार्यकर्त्याची सोय लावायची जागा, अशीच मंडळाची ख्याती झाली होती. गणवेश, दप्तर, स्वेटरची खरेदी म्हटली की वाद ठरलेला. त्यामुळे २०१३ मध्ये राज्याने शिक्षण मंडळं रद्द करून कारभार थेट महापालिकेकडे द्यायचं ठरवलं, तेव्हा फार कोणी रडलं नाही. ज्यांची मुदत बाकी होती त्यांना ती पूर्ण करू दिली. पुण्या-पिंपरीची मंडळं २०१७ पर्यंत चालली आणि संपली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. वाईट सभापतीला निदान शिव्या देता येत होत्या. त्याचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, त्याच्या दारात मोर्चा नेता येत होता.

आपल्याकडे हे मंडळ रुजलंच नाही

आता म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, आपलं काय? आपली गोष्ट वेगळीच आहे. १९२३ चा कायदा झाला तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी शाळा म्हणजे हैदराबादच्या खात्याची शाळा. 'वर' म्हणजे खरंच खूप वर, शेकडो किलोमीटर लांब, आणि मोठ्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. तिथे शहराने निवडलेल्या मंडळाचा प्रश्नच नव्हता.

मग आपल्या लोकांनी काय केलं? स्वतःच्या शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवत होते. नांदेडला प्रतिभा निकेतन आणि १९५० साली पीपल्स कॉलेज. नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतनमध्ये शिक्षक होते, नंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद, १९७० मध्ये राजर्षी शाहू कॉलेज. पुढे ज्याला आपण 'लातूर पॅटर्न' म्हणतो, तो या अशा संस्थांमधून आला.

डॉ. जनार्दन वाघमारे यांचं उदाहरण घ्या. राजर्षी शाहू कॉलेजचे पहिले प्राचार्य. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरू. नंतर २००१ ते २००६ लातूरचे नगराध्यक्ष. तीन वेगवेगळ्या खुर्च्या, पण प्रत्येक ठिकाणी लोकांना माहीत होतं की इथे कोण बसलंय आणि जाब कोणाला विचारायचा.

माझ्या मते लातूर पॅटर्नमधली ही गोष्ट आपण विसरतो. जादा तास, सराव परीक्षा, हे सगळे सांगतात. पण निकाल खाली गेला तर मान खाली घालणारा एक माणूस होता आणि त्याचं नाव गावाला माहीत होतं, हे कोणी सांगत नाही.

सरकारी शाळांचं मात्र असं झालं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. निजामाच्या काळातली सरकारी हायस्कूलंसुद्धा जिल्हा परिषदेकडे आली, म्हणून आपल्या भागात 'झेडपी हायस्कूल' हा शब्द घरोघरी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्राला सांगा, तो म्हणेल झेडपी म्हणजे चौथी-सातवीपर्यंत ना? महापालिका तर फार उशिरा आल्या. नांदेड-वाघाळा १९९७, लातूर २०११. त्यांच्या स्वतःच्या शाळा मोजक्याच.

म्हणजे एकाच शहरात दोन-तीन मालक. एक शाळा झेडपीची, एक महापालिकेची, पलीकडची खाजगी अनुदानित. सगळ्यांच्या भिंती तशाच पिवळ्या. बाहेरून ओळखू येत नाही.

आज 'वर' कोण आहे?

जिल्हा परिषदेत शिक्षण समितीचा सभापती असतो, निवडून आलेला. त्याच्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग हेडमास्तर. कागदावर साखळी चांगली आहे. पण लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं होतं. लातूर महापालिकेची मुदत मे २०२२ मध्ये संपली, नांदेडची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. सगळीकडे प्रशासक. महापालिकांचं मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये.

जरा हिशोब करा. २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं लेकरू २०२६ ला चौथीच्या परीक्षेला बसलं. त्याची जवळजवळ अख्खी प्राथमिक शाळा झाली, आणि त्या काळात त्याच्या शहरात शाळेबद्दल सभागृहात उठून बोलणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. प्रशासक वाईट असतात असं नाही, काही तर फार चांगलं काम करतात. पण ते बदलून जातात. आज लातूर, उद्या दुसरा जिल्हा. पुढचा येतो, त्याचा उपक्रम वेगळा.

आणि एक चौथा मालक आलाय, तो माझ्या धंद्यातला आहे. पोर्टल! २०१५ मध्ये 'सरल' आलं, शिक्षक भरतीसाठी २०१७ मध्ये 'पवित्र' आलं, बदल्या ऑनलाइन झाल्या. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे आवडतं. ज्या बदल्यांवर १९३० च्या दशकात राजकारण चालायचं, त्या यादीनुसार व्हायला लागल्या, हे चांगलंच आहे. पण पोर्टलच्या दारात मोर्चा नेता येत नाही. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न असतो: हे कोणाकडे आहे? तिकिटावर नाव नसेल तर ते पडून राहतं. शंभर जण बघतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. सरकारी शाळेचं नेमकं हेच झालंय.

एक खुर्ची अजून शिल्लक आहे

माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, नांदेडात राहते. तिची धाकटी तिसरीत, सरकारी शाळेत. गेल्या उन्हाळ्याआधी तिचा व्हॉइस मेसेज आला: "अरे, शाळेच्या टाकीला आठ दिवस झाले पाणी नाही. लेकरं घरून बाटल्या न्यायलेत. पोरी तर दिवसभर पाणीच पीत नाहीत, बाथरूमला जावं लागंल म्हणून. मास्तर म्हणायलेत वर कळवलंय. वर म्हणजे कोण रे?"

मी शोधायला बसलो आणि शिक्षण हक्क कायद्याशी येऊन थांबलो. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, हेडमास्तर सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कसा खर्च झाला हे बघणं, ही तिची कामं.

मी ताईला म्हटलं, "तुझ्या शाळेत अशी समिती असणारच. सदस्य कोण ते विचार." ती गेली. यादी निघाली. तिच्याच गल्लीतल्या एक काकू सदस्य होत्या, आणि त्यांना फक्त सही केल्याचं आठवत होतं. मग ताई, त्या काकू आणि अजून चार-पाच आया मिळून बैठकीला बसल्या. हेडमास्तर उलट खूश झाले. म्हणाले, "मी एकटा लिहितो तेव्हा ते माझं रडगाणं ठरतं. तुम्ही ठराव केला तर तो समितीचा होतो." ठराव लिहिला, अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. दर दोन दिवसांनी दोघी-दोघी जाऊन तोच नंबर दाखवायच्या. दुसऱ्या आठवड्यात पाइप बदलला.

टाकी नंतर परत एकदा बंद पडली. पण तेव्हा ताईचा मला मेसेज आला नाही. तिला माहीत होतं कुठे जायचं ते.

मला यातून एवढं कळलं. शाळांच्या खुर्चीवर माणसं बदलत गेली. निजामाचा अधिकारी, सभापती, प्रशासक, पोर्टल. प्रत्येक जण लेकराच्या आईपासून लांबच राहिला. कायद्याने एकच खुर्ची तिच्या हाताला येईल अशी ठेवली, आणि नेमकी तीच रिकामी आहे किंवा नुसत्या सह्यांनी भरलेली आहे. जगातली मोठी शहरंही या प्रश्नाशी झगडतायत. शिकागोमध्ये १९९५ पासून महापौर बोर्ड नेमायचा; लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली, तेव्हा २०२४ मध्ये पहिल्यांदा काही जागांसाठी मतदान झालं. आपल्याकडे शाळेपुरती खुर्ची आधीच आहे. भांडून मिळवायची नाही, जाऊन बसायचंय.

समितीने सगळं सुटेल का? नाही. शिक्षकांची रिकामी पदं समिती भरू शकत नाही. शाळेची इमारत बांधू शकत नाही. त्यासाठी महापालिका आणि झेडपीच पाहिजे, चांगला अधिकारी पाहिजे, आणि आता निवडून आलेल्या नगरसेवकाने शाळेवर तोंड उघडायला पाहिजे. पण खालून ठराव आला नाही, तर तो तरी कशावर बोलणार?

आता तुमचं काम. तुम्ही अजून आई-बाप नसाल, माझ्यासारखे पुण्यात किंवा हैदराबादला असाल. तरी घरी ताई, वहिनी, काका कोणीतरी आहेच. या आठवड्यात त्यांना एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. शाळा कोणाची, झेडपीची की महापालिकेची? समितीचा अध्यक्ष कोण? शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळालं नाही तर हेडमास्तरांकडे यादी मागायला सांगा. नाहीच मिळाली तर माहितीचा अधिकार आहे, २००५ पासून आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. तो अर्ज लिहून देणं हे आपलं काम. एवढं टायपिंग तर आपण रोज करतो.

काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. शाळेचं नाव नाही दिलं तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत काळजी घ्या!