मिठाचे पाणी आणि छातीतला दम



कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की घटकाभरात त्यांना पाणी सुटते, हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. मीठ पाणी ओढून घेते. एका चिवट आजारावरचा उतारा याच साध्या गोष्टीत मिळाला, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

या आजाराचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. तो जन्मतःच येतो. आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष अंश मिळाला तरच होतो. तो अंश शास्त्रज्ञांनी १९८९ साली शोधून काढला. या आजारात शरीरातील मीठपाण्याची ने-आण बिघडते. घाम फार खारट होतो आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकटून बसतो. मूल सारखे खोकते, खाल्लेले अंगी लागत नाही.

ऑस्ट्रेलियात फळीवर पडून किंवा उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा खेळ आहे. हा खेळ खेळणाऱ्या रोग्यांची छाती इतरांहून मोकळी असते, असे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. खारे तुषार श्वासावाटे आत जात होते ना! मग १६४ रोग्यांवर ४८ आठवडे प्रयोग झाला. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग मीठ असते. त्याच्या दुप्पट खारे पाणी निम्म्या रोग्यांना यंत्राने तुषार करून रोज दोनदा हुंगायला दिले. त्यांच्यात आजार उफाळण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले.

आता तुम्ही म्हणाल, आजारी माणसाने कसला खेळ खेळायचा? पण ज्यांना उभेही राहता येत नाही, ती माणसे सोबत्यांच्या मदतीने फळीवर पालथी पडून लाटा घेतात. अशांची पहिली जागतिक स्पर्धा २०१५ साली कॅलिफोर्नियात भरली.

आणि गाणे? ॲलिस मार्टिनो या इंग्लंडच्या तरुणीला हाच आजार होता. ती स्वतः गाणी रचून गाई. हृदय, फुप्फुसे आणि यकृत बदलण्याची वाट पाहत असतानाच, २००२ साली, तिच्या गाण्यांची तबकडी निघाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी ती वारली. गाण्याने हा रोग बरा होत नाही. पण दम अपुरा होता म्हणून तिने गाणे सोडले नाही.

एक मात्र सांभाळा. घरच्या घरी मिठाचे पाणी हुंगवू नका. त्याने छाती आवळू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

आपल्याकडेही ही मुले आहेत, पण पुष्कळदा त्यांचा आजार क्षय किंवा दमा समजला जातो. मुलाचा पापा घेताना खारट लागत असेल, छातीचे दुखणे वरचेवर उलटत असेल, शौच तेलकट होत असेल, तर डॉक्टरांना घामाच्या तपासणीविषयी जरूर विचारा.

आणि गुरुजी, तुमच्या वर्गात असे खोकणारे मूल असले तर त्याला नेहमी कडेला बसवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून त्याला झेपेल तितके पळू द्या, प्रार्थनेत गाऊ द्या. उन्हाळ्यात त्याच्या घामातून मीठ फार जाते, तेव्हा पाणी आणि मीठ वेळेवर मिळते ना, ते पाहा. धापा टाकत का होईना, ते मूल इतरांबरोबर मैदानात असले पाहिजे.