आधी म्हाताऱ्यांना विचारा, मग विहिरीला



आज पाण्याबद्दल बोलायचंय. आपल्या पांढुर्णा-सौंसरात संत्र्याच्या बागा आहेत, म्हणजे विहिरी आल्या, बोअर आले. बोरगावसारखं औद्योगिक क्षेत्रही आहे. मी कुणावर आरोप करायला उभा नाही. पुरावा नसताना आरोप केला की खरा प्रश्नसुद्धा खोटा पडतो. म्हणून पुरावा कसा उभा राहतो, तेवढंच सांगतो. त्याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्याच्या राजधानीत आहे.

भोपाळ म्हटलं की 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र आठवते. पण युनियन कार्बाइडचं दुसरं प्रकरण त्या रात्रीच्या आधीच सुरू झालं होतं. कारखान्याच्या आवारात खड्डे करून कचरा टाकला जायचा. 1977 पासून सांडपाणी बाहेरच्या तळ्यांत सोडलं जायचं, उन्हानं आटावं म्हणून. पाणी आटलं, पण विष कुठं आटतं बाप्पा? ते खाली झिरपलं. 1999 मध्ये ग्रीनपीसला कारखान्याच्या मातीत पारा आणि आसपासच्या भूजलात क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. गॅस लोकांनी पाहिला होता, भोगला होता. पाण्यातलं विष मात्र दिसत नव्हतं, आणि लोक तेच पीत होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला तिथल्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या म्हणून सांगावं लागलं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. जानेवारी 2025 मध्ये तिथला 337 टन कचरा पीथमपूरला नेला, आणि जूनअखेर तो जाळून झाला. आपल्याला वाटलं, संपला विषय. पण हा होता जमिनीवर गोळा करून ठेवलेला कचरा. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय यांनी 2010 च्या सुमारास दूषित मातीचा अंदाज दिला होता सुमारे 11 लाख टन! ती माती अजून तिथंच आहे. दिसणारा कचरा उचलला म्हणजे जमीन साफ झाली, असं नसतं.

मग आपल्याकडे शंका आली तर काय करायचं?

पहिलं काम प्रयोगशाळेचं नाही, आठवणीचं आहे. कुठं खड्डा होता, रात्री ट्रक कुठं रिकामे व्हायचे, कोणत्या साली विहिरीला वास यायला लागला, हे जुन्या कामगारांना, गुराख्यांना, आपल्या आज्यांना ठाऊक असतं. ते त्यांच्याच बोलीत, तारीख टाकून लिहून घ्या. गूगल अर्थवर जुनी उपग्रह-चित्रं पाहता येतात, त्यांच्याशी ताडून पाहा.

दुसरं, एकाच विहिरीचं पाणी तपासून काही सिद्ध होत नाही. संशयित जागेच्या उताराच्या वरची विहीर आणि खालची विहीर, दोन्ही तपासायच्या. काहून? आपल्या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणतात, आणि त्यात मँगनीज आहे. पाण्यात मँगनीज निघालं तर ते कचऱ्याचं की खडकाचं, हे वरच्या विहिरीशिवाय कळणार नाही. उथळ विहीर आणि खोल बोअर यांचं पाणीही वेगवेगळ्या थरांतलं असतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असे दोनदा नमुने घ्या.

तिसरं, हातपंप थोडा वेळ चालवून मगच बाटली भरायची. धातूंसाठी वेगळी बाटली, रसायनांसाठी काचेची. ठिकाण, वेळ, फोटो, कुणी भरलं, कुणाच्या हाती दिलं, सगळं नोंदवायचं. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करा. आणि स्वतः फावडं घेऊन खड्डा उकरू नका, ते काम तज्ज्ञांचं.

चौथं, अर्ज. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. संशयित जागांची माहिती देण्याची जबाबदारी त्यात जिल्हा प्रशासन आणि स्थानिक संस्थांवर आहे, आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पडताळणी करावी लागते. आपला पांढुर्णा 2023 पासून जिल्हा आहे. कलेक्टर ऑफिस आता छिंदवाड्याइतकं लांब नाही. जुने तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा.

आणि भाषा? संविधानाचं कलम 350 सांगतं की तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी इथं वापरली जाते, हे मी तुम्हाला काय सांगू! आजी मराठीत सांगते, प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत येतो, फाईल हिंदीत चालते. आपल्या पोरापोरींना या तिन्ही भाषा समजतात. ही आपली ताकद आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढंच करा. आपल्या वाडीतल्या प्रत्येक विहिरीची नोंद करा. खोली किती, पाणी कसं, कधीपासून. आज सगळं ठीक असेल तर आणखीच चांगलं. उद्या काही बिघडलं, तर ‘आधी असं नव्हतं’ हे दाखवायला तीच वही उपयोगी पडेल. भोपाळच्या त्या वस्त्यांकडे अशी वही नव्हती.