शिट्टी झाली, गॅस कोण बंद करणार?

(आपल्या मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय "ॲनालिटिक्स प्लॅटफॉर्म आणि वर्कफ्लो यांची जोडणी" असा छापलाय. तो वाचूनही तुम्ही इतके जण आलात, याचं श्रेय मी विषयाला देत नाही, मागच्या खोलीतल्या बटाटेवड्यांना देतो. भारतातून आलेले काही आई-बाबाही समोर दिसतायत. मुलगा नाहीतर सून रोज कॉम्प्युटरसमोर बसून नक्की काय करते, ते आज तरी कळेल अशी त्यांना आशा असेल. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

कुकर सगळ्यांना माहीत आहे. आई सांगून जाते, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." घरात चार माणसं असतात. शिट्टी चौघांना ऐकू येते आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा उठेल. भात करपतो. इथे शिट्टीने आपलं काम चोख केलेलं असतं. गडबड होते ती शिट्टी आणि गॅसचं बटण यांच्या मधल्या जागेत. मी गेली कित्येक वर्षं पोटापाण्यासाठी त्याच मधल्या जागेत काम करतोय.

ऑफिसातली शिट्टी म्हणजे ॲनालिटिक्स. विक्री, साठा, येणी, सगळे आकडे गोळा करून पडद्यावर चित्र दाखवायचं. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय २०१५ साली बाजारात आलं, आमच्याकडे तेच आहे. आणि गॅस बंद करणारा हात म्हणजे वर्कफ्लो सॉफ्टवेअर. "अमुक झालं की तमुक कर" असं त्याला सांगून ठेवायचं. ई-मेल पाठव, ऑर्डर काढ, साहेबांची मंजुरी घे. मायक्रोसॉफ्टच्या या भावंडाचं नाव आधी फ्लो होतं, नोव्हेंबर २०१९ मध्ये ते पॉवर ऑटोमेट झालं. दोन्ही जोडणं आता फार सोपं झालंय. डॅशबोर्डवरच्या आकड्याला मर्यादा घालायची, ती ओलांडली की अलर्ट निघतो, आणि तो अलर्ट दुसऱ्या बाजूला काम सुरू करतो. एका दुपारी होऊन जातं. माझंही झालं होतं. त्याचीच गोष्ट सांगतो.

२०१८ साल. आमची कंपनी लहान दवाखान्यांना आणि डायलिसिस केंद्रांना सामान पुरवते. हातमोजे, सुया, सलाईन वगैरे. खरेदीचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. वीस वर्षं त्याच खुर्चीत. रोज सकाळी साठ्याचा कागद बघायच्या, पेन्सिलने खुणा करायच्या आणि फोन उचलायच्या. मी ठरवलं, हे सगळं आपोआप करायचं. हातमोज्यांचे खोके ठरावीक आकड्याखाली गेले की पुरवठादाराला थेट ४० खोक्यांची ऑर्डर जाणार. प्रस्तावात मी एक ओळ टाकली होती, "यामुळे अर्ध्या माणसाचा वेळ वाचेल." ते अर्धं माणूस कोण, हे मला माहीत होतं आणि बाईंनाही. त्या माझ्यापासून वीस फुटांवर बसायच्या. सहा आठवडे मी हे बांधत होतो, पण एकदाही त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं नाही की तुम्ही हे कसं करता.

शुक्रवारी संध्याकाळी चालू केलं. पहिली ऑर्डर गेलेली डोळ्यांनी बघितली आणि खुशीत घरी गेलो. सोमवारी सकाळी पुरवठादाराचा फोन: "तुम्ही नवं हॉस्पिटल काढताय का?" एकूण १७ ऑर्डरी गेल्या होत्या. ६८० खोके.

झालं असं होतं. आमच्या लायसन्समध्ये डॅशबोर्डचे आकडे वेळापत्रकानुसार दिवसातून ८ वेळा ताजे होतात. प्रत्येक वेळी अलर्ट तपासतो, आकडा मर्यादेखाली आहे का? शनिवार-रविवारी ट्रक येत नाही, त्यामुळे गोदामातला आकडा तसाच. शनिवारी ८ वेळा शिट्टी, रविवारी ८ वेळा, आणि शुक्रवारची पहिली. हात प्रत्येक शिट्टीला इमानदारीत उठला. ऑर्डर दिलेली आहे, माल वाटेत आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी फोन घेतला आणि तासाभरात १६ ऑर्डरी रद्द करून घेतल्या. दंड नाही, कटकट नाही. वीस वर्षांचे संबंध होते. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "मागवलेला मालही मोजायचा असतो. मी पेन्सिलने खूण करते ती त्याचीच. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मंडळी, मला कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर आम्ही दोघं शेजारी बसलो आणि सगळं पुन्हा केलं. त्यातून जे शिकलो ते, जे या धंद्यात आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

पहिलं, आकडा कोणता जोडता ते बघा. गोदामातला माल हा आकडा बघायला ठीक, पण ऑर्डर काढायला चुकीचा. गोदामातला माल, अधिक वाटेतला माल, वजा ग्राहकांना कबूल केलेला माल, हा आकडा हवा. डॅशबोर्ड बघणारा माणूस ही बेरीज-वजाबाकी मनात करतो. हात जोडलात की ती लिहून द्यावी लागते.

दुसरं, आकडा कधीचा आहे? सकाळी दहाला पडद्यावर दिसणारा आकडा सातचा असू शकतो. बघायला चालेल. त्यावर पैसे खर्च करायचे असतील तर काम करण्याआधी मूळ नोंदीत पुन्हा डोकवा.

तिसरं, तोच निरोप दोनदा आला तर काम एकदाच व्हायला हवं. आता आमचा फ्लो आधी विचारतो, "या वस्तूची ऑर्डर उघडी आहे का?" असेल तर गप्प बसतो.

चौथं, हे कोणाच्या नावावर चालतं? मी ते माझ्याच खात्यावर जोडलं होतं. मी नोकरी सोडली आणि खातं बंद झालं की जोडणीही तुटणार, आणि ती का तुटली हे कोणालाच कळणार नाही. आता ते विभागाच्या स्वतंत्र खात्यावर चालतं.

पाचवं, मंजुरी. मोठी ऑर्डर आता बाईंच्या "हो"शिवाय जात नाही. पण मंजुरीची विनंती पॉवर ऑटोमेटमध्ये ३० दिवस वाट बघत बसू शकते. म्हणून चार तासांत उत्तर नाही आलं तर ती दुसऱ्या माणसाकडे जाते. आणि दोन्ही वेळा एकाच माणसाकडे, नाव घेऊन. "खरेदी विभाग, सर्वजण" असं नाही.

हे शेवटचं का महत्त्वाचं, त्याचं उदाहरण आमच्यापेक्षा फार मोठं आहे. नाईट कॅपिटल नावाची शेअर व्यवहारांची कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांच्या ८ सर्व्हरपैकी ७ वर नवीन प्रोग्राम चढवलेला होता, एकावर जुनाच राहिला. बाजार उघडल्यावर तो जुना प्रोग्राम जागा झाला आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या रोखे आयोगाने चौकशी केली तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. बाजार उघडण्याआधीच त्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ई-मेल पाठवल्या होत्या. त्यात चुकीचा उल्लेख होता. पण त्या ई-मेल धोक्याची सूचना म्हणून ठरवलेल्याच नव्हत्या, आणि सहसा त्या कोणी वाचतही नसे. ९७ शिट्ट्या! घरात माणसं होती, उठायचं कोणी हे ठरलेलं नव्हतं.

आता शेवटची गोष्ट. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनात पूर आला. तिथे बॅक्स्टरचा कारखाना आहे. अमेरिकेतलं जवळजवळ ६० टक्के सलाईन आणि तशी द्रावणं तिथे बनत होती. कारखाना बंद पडला. सोमवारी सकाळी आमचा डॅशबोर्ड मात्र हिरवागार! साठा भरपूर, मर्यादेच्या कितीतरी वर. साठा हिरवा असला की ग्राहकांच्या ऑर्डरी आपोआप मंजूर होतात, तीही जोडणी मीच केलेली. वादळाची बातमी कुठल्याच टेबलात नव्हती.

बाई सात वाजता आल्या, कोटही न काढता कॉम्प्युटर उघडला आणि सलाईनचा फ्लो थांबवला. ते "थांबा" बटण २०१८ साली त्यांनीच हट्टाने घालून घेतलं होतं. मी म्हणत होतो, कशाला हवं? दुपारपर्यंत नेहमीच्या तिप्पट ऑर्डरी आल्या. फ्लो चालू असता तर जो पहिला आला त्याला सगळं मिळालं असतं. बाईंनी यादी काढली आणि एकेका केंद्राला फोन केला: किती रुग्ण, किती दिवसांचं शिल्लक. ज्यांना खरंच टाळता येत नव्हतं त्यांना आधी दिलं. पुढचे काही आठवडे सगळ्यांनाच कमी पडलं, पण आमच्या एकाही डायलिसिस केंद्राला "संपलं" असं सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना त्या जुन्या प्रस्तावातल्या ओळीबद्दल सांगितलं, अर्ध्या माणसाची. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी वाचली होती. कोणतं अर्धं, तेवढं तू लिहिलं नव्हतंस."

त्यांची पेन्सिल माझ्या टेबलावर आहे. नवीन जोडणी करायची झाली की मी आधी ती घेऊन, ते काम आज जो करतो त्याच्याशेजारी जाऊन बसतो. निदान दोन दिवस. माझे साहेब म्हणतात यात वेळ जातो. जातोच.

बाकी प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू. वडे गार होतायत, आणि त्याची शिट्टी मला इथपर्यंत ऐकू येतेय.