कात्रजच्या तळ्याचे काय करावयाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी फोनवर ‘तळे’ म्हणून सांगितले. त्यांनी वहीत ‘तळण’ असे लिहून घेतले. तेव्हा चकल्या बिघडू नयेत म्हणून काय करावे हे ऐकावयास ज्या आल्या असतील, त्यांची मी प्रथमच क्षमा मागते. विषय तळ्याचाच आहे. आपल्या कात्रजच्या बागेतल्या तळ्याचा.

मागच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय सहज निघाला आणि चहा निवून गेला तरी संपला नाही. एक भगिनी म्हणाल्या, “डास आणि वास यांनी जीव नकोसा झालाय. बुजवून टाका एकदाचे, मुलांना खेळायला जागा होईल.” दुसऱ्या म्हणाल्या, “छान होड्या ठेवा, दिवे लावा, चार माणसे येतील.” तिसऱ्या रागावल्या. “पेशव्यांचे तळे आहे. एका दगडालासुद्धा हात लावता कामा नये!” मी तेव्हा गप्प बसले. आज तिघींशीही थोडे थोडे भांडणार आहे.

आपण बागेत जातो, वाघ पाहतो, हत्ती पाहतो, मुलांना सापांची नावे सांगतो. एकशेतीस एकरांची ही बाग १९९९ साली सुरू झाली आणि पेशवे पार्कातली जनावरे येथे राहावयास आली. त्या एकशेतीसांत सुमारे बेचाळीस एकर नुसते पाणीच आहे. पण ते पाणी तेथे थांबले आहे ते कोणी अडविले म्हणून, हे आपल्या मनात येत नाही. तळे आपल्याला दिसते, धरण दिसत नाही. घरात तरी काय निराळे असते? ताट दिसते, ओट्यामागे उभी असलेली बाई दिसत नाही!

अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा येथे अडविला. एकाखाली एक अशी दोन तळी केली, म्हणजे गाळ वरच्या तळ्यात मागे राहावा आणि खाली स्वच्छ पाणी उतरावे. तेथून जमिनीखालून दगडी नळ काढून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेले. नळ म्हटले तरी आपल्या मोरीतला नव्हे. त्यात माणूस उतरून चालू शकतो एवढा तो मोठा आहे. पंप नाही, वीज नाही. नुसत्या उताराने पाणी चालत असे. वाटेत हवा कोंडू नये म्हणून जागोजाग मनोरे बांधले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे आपण बसच्या थांब्याची म्हणून घेतो, पण शहराला पाणी पुरवणाऱ्या हौदांवरूनच ती पडलेली आहेत. शहरातल्या किती पिढ्यांतल्या बायकांनी या तळ्याचे पाणी कमरेवरून घरी नेले असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याच ओढ्यावर नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी आणखी एक तळे केले. काम सावकाश चालले होते म्हणून पेशवे हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले, अशी आख्यायिका आहे. त्या तळ्यातल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांनी गणपतीचे देऊळ बांधले. पुढे विसाव्या शतकात ते तळे कोरडे करून तेथे सारसबाग झाली. मुले विचारतात, “आजी, याला तळ्यातला गणपती का म्हणतात? तळे कुठे आहे?” काय सांगावयाचे? सारसबाग मला आवडते, माझी निम्मी संध्याकाळची फिरणी तेथे झाली आहेत. पण एक लक्षात घ्या. तळे गेले, ओढा गेला नाही. तो पेशव्यांनी वळवून दिलेल्या वाटेने, दांडेकर पुलाखालून, आजही मुठेला जातो. बुजवा म्हणणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे की, भांडे फोडल्याने पाणी यावयाचे थांबत नाही.

आता थोडे घरचे सांगते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. आईने मला आणि धाकट्या भावाला माडीवर ओढत नेले तेव्हा पायरीवरची माझी चप्पल वाहून गेली. त्या चपलेसाठी मी दोन दिवस रडले, ह्याची मला आजही लाज वाटते. मोठेपणी समजले की आदल्या रात्रभर धरणाच्या भिंतीवर लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. शहरातल्या बहुतेक माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. खडकवासल्याचे पाणी गेल्यावर आमच्या वाड्यातल्या जुन्या विहिरीवर रांग लागली. ज्या विहिरीत आम्ही निर्माल्य टाकत होतो, तीच उपसून पाणी प्यालो! आई पुढे आयुष्यभर म्हणत असे, “पाण्याची जागा मोडू नये आणि पाण्याचा भरवसा धरू नये.” तिला दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटत, आणि आज मलाही वाटतात.

दुसरी रात्र २५ सप्टेंबर २०१९ ची. ती आपण सर्वांनीच पाहिली आहे. डोंगरावर पाऊस कोसळला, तळे भरून वाहू लागले आणि आंबील ओढा खालच्या वस्त्यांत शिरला. अरण्येश्वराजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे दगावली. शहरात आणि आसपास मिळून वीसाहून अधिक जीव गेले. माझ्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई ओढ्याकाठीच राहतात. तिसऱ्या दिवशी त्या आल्या. मी म्हटले, “अहो, घरी थांबायचे ना.” त्या म्हणाल्या, “घर कुठं राहिलंय ताई थांबायला?” आणि कणीक मळावयास बसल्या. मग मळता मळता विचारले, “ताई, तुम्ही वर तळ्यापाशी राहता. पाणी सुटतंय हे तुमच्याकडं कुणाला दिसलं न्हाई का?”

मला उत्तर देता आले नाही. पाऊस मोठा आहे म्हणून मी त्या रात्री खिडक्या लावून निजले होते.

त्यानंतर मी धरणांविषयी थोडे वाचू लागले. दगडाचुन्याचे धरण एका दिवसात म्हातारे होत नाही. सांध्यातला चुना पाझरणाऱ्या पाण्याबरोबर थोडा थोडा विरघळून जातो. भिंतीच्या बाहेरच्या बाजूस पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवतो, आणि आपण म्हणतो, काय हिरवेगार दिसते आहे! त्याच्या मुळ्या दगड हलवितात. झाड वरून कापले तर मुळी आत कुजते आणि तिच्या जागी पाण्याला वाट होते. मातीचा भराव असेल तेथे पाझर गढूळ आला की विशेष सावध व्हावयाचे, कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघाली. गाळ साचून तळाची मोरी बुजली की पाणी खाली सोडण्याचा उपाय उरत नाही. आणि जादा पाणी सुखरूप जावे म्हणून ठेवलेला सांडवा अपुरा पडला किंवा त्याच्या तोंडाशी कचरा अडकला, की पाणी भिंतीवरूनच उडी घेते. माठ पाझरतो तोवर आपण त्याला गुणी म्हणतो. पण तो पाझरतो आहे की चिरला आहे, हे बोट फिरवून पाहावे लागतेच ना?

‘दगडाला हात लावू नका’ म्हणणाऱ्या भगिनींना म्हणून माझी विनंती आहे की, पेशव्यांचा मान राखावयाचा तर हात लावलाच पाहिजे. मात्र तो जाणत्याचा हात हवा. जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचा गिलावा फासून वरून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे.

आणि होड्या? होड्यांना माझा विरोध नाही, मी स्वतः बसेन. पण होड्यांसाठी तळे काठोकाठ भरलेले हवे असते आणि पुरासाठी ते थोडे रिकामे हवे असते. या दोन इच्छा एकमेकींच्या जावा आहेत. माझ्या नातवाने आणि मी बसून हिशेब केला. बेचाळीस एकरांचे तळे पावसाळ्याच्या तोंडी एक फूट खाली ठेवले, तर सुमारे पाच कोटी लिटर पाण्याला जागा होते. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर! मी खूश झाले. तेव्हा नातू म्हणाला, “आजी, एका चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर होतात.” माझा आनंद निम्मा झाला. म्हणजे एका फुटाने काम भागत नाही. तळे रिकामे हवे, गाळ काढून खोल हवे, सांडवा मोकळा हवा, आणि खालच्या ओढ्याला त्याची रुंदी परत मिळावयास हवी. यातले एक केले आणि तीन राहिले, तर होड्यांवरचे दिवे तेवढे सुंदर दिसतील.

डासांविषयी आणि वासाविषयी एक शब्द. जलपर्णी काढण्याचे यंत्र आले म्हणजे आपण टाळ्या वाजवितो. ती पुन्हा येते, कारण तिला खावयास घालणारे सांडपाणी वरच्या वस्त्यांतून येते, आणि वरच्या वस्त्यांत आपल्यापैकी काही जणींची घरे आहेत. गाळाचेही तसेच. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे आणि शेताला गाळ चांगलाच. पण सांडपाण्यात मुरलेला शहरी गाळ तपासल्यावाचून कुणाच्या शेतात घालू नये.

धरणांच्या सुरक्षिततेसाठी २०२१ साली देशात कायदा झाला. त्याच्या यादीतल्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. आपले तळे त्या कायद्याच्या मोजमापात बसो अथवा न बसो, दोन तपासण्या मागावयास आपल्याला कोणी अडविले आहे? मागे मी एका कचेरीत हीच चौकशी करावयास गेले होते. तेथील गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि दुसऱ्या कचेरीचा पत्ता दिला. एकट्या म्हातारीला असेच होते. म्हणून मी मंडळापुढे आले आहे.

मी एक अर्ज लिहून आणला आहे. त्यात तळे राहू द्यावे, असे मागितले आहे. धरणाची वर्षातून दोनदा जाणत्यांकडून तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल बागेच्या फाटकावर मराठीत, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लावावा. पावसाळ्यात पाण्याची पातळी रोज फळ्यावर लिहावी आणि ती किती चढली म्हणजे खाली भोंगा वाजवावयाचा, हे अगोदर ठरवावे. आणि तळ्याचे पुढे काय करावयाचे याची बैठक होईल, तेव्हा बागेत फिरावयास येणाऱ्यांबरोबर ओढ्याकाठच्या बायकांनाही बोलवावे. हे शेवटचे वाक्य मी माझ्या पोळ्यांच्या बाईंना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “सकाळची नको म्हणावं, कामं असतात. संध्याकाळी ठेवा.” तेही मी शाईने वर लिहिले आहे.

अर्ज चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. ज्यांना पटला असेल त्यांनी सही करावी. ज्यांना पटला नसेल त्यांनी माझ्याशी भांडावयास घरी यावे, मी खरोखरच चकल्या करीन. चष्मा विसरलेल्या भगिनींना मी वाचून दाखवीन. आता हळदीकुंकवास उशीर होतो आहे, म्हणून बसते.