हरेलीची लोंदी



आषाढातल्या अवसेला रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात. त्याच दिवशी शहराच्या आसपासच्या गावांत हरेलीचा सण असतो. नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि गुरांना औषध देतात. आज बोलायचं आहे ते या औषधाबद्दल.

गावाची गुरं राखणारा राऊत आधी रानात जाऊन दसमूळ कांदा, रानगोंदली असे कंद खणून आणतो, रात्री उकळतो आणि सकाळी गौठानावर, म्हणजे गुरं जमतात त्या जागी, वाटतो. माणसंही प्रसाद म्हणून ते खातात. शेतकरी कणकेत मीठ घालून लोंदी वळतो, खम्हारच्या, म्हणजे शिवणीच्या, पानात गुंडाळतो आणि बैलाच्या तोंडात सरकवतो. पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन गुरं ढाळतात, चिखलात खूर सडतात. औषध नेमकं त्याच दिवसांत येतं. ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांनी गुरं फार बारकाईनं पाहिली असणार.

एकच वनस्पती दोघांनाही चालते, हे इथे जागोजागी दिसतं. कुड्याची साल माणसाच्या आवेवर आणि वासराच्या ढाळेवरही. मुका मार लागला की कांडवेल दोघांनाही बांधतात. जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून लावतात. हा मात्र गुरांपुरताच, आणि डोळ्यांपासून दूर, कारण तो डोळ्यांना घातक आहे. कळलावीचा कंद तर जीवच घेतो. रानातलं म्हणून निरुपद्रवी, ही समजूत सोडून द्या.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते माप. कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जो लेप सुचवतं, त्यात कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कास धुऊन, दूध पूर्ण काढून दिवसातून अनेकदा लावायचा. राऊताच्या औषधांचं असं माप कुठे लिहिलेलं आहे? त्याचा मुलगा आज शहरात कामाला जातो. म्हाताऱ्याला विचारायला हवं ते आत्ताच: कोणतं झाड, कोणता भाग, किती, कुठल्या ऋतूत, आणि कोणाला देऊ नये.

घटसर्प आणि फऱ्या यांवर मात्र पाल्याचा भरवसा धरू नका. पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. आणि कंद खणायला गेलात, तर लहान कंद मातीतच राहू द्या. पुढच्या हरेलीलाही राऊत तिथंच येणार आहे.